लाल आणि निळ्याचा जांभळा

फुटबॉलचा सामना बघायला निघालेल्या माणसाच्या हातात काय असते? आपल्याकडे भाजलेल्या शेंगांची पुडी, फार तर एखादा झेंडा. 10 डिसेंबर 2023 च्या रविवारी लिव्हरपूल शहरात मी सामन्याला निघाले तेव्हा माझ्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यात बीन्सचे चार डबे, टिकाऊ दुधाचे दोन खोके, चहाचा पुडा आणि लहान बाळाच्या डायपरचे एक पाकीट. तिकीट मात्र नव्हते.

"मावशी, तिकीट काय आता मिळत नाही बघ," भाची आदल्या रात्रीच म्हणाली होती. "पण मैदानाबाहेर जे चालतं ना, ते तुला दाखवायचंय. तू अर्थशास्त्र शिकवतेस की."

माझी ही भाची म्हणजे थोरल्या ताईची मुलगी. नवरा धारवाडचा, घरी कन्नड बोलणारा. तो शिकायला म्हणून 2022 च्या सप्टेंबरात इकडे आला आणि त्याच्याबरोबर हीही. त्या घरात भात मराठीत शिजतो आणि सारू कन्नडमध्ये, असे मी गमतीने म्हणते. जावई मला 'मावशी' म्हणतात, पण घाईत असले की थेट "ऊटा आतेन्री?" असेच विचारतात. 'जेवलात का' या प्रश्नाला आपल्या सीमाभागात भाषांतर लागत नाही, हे वाचकांना मी काय सांगावे!

शनिवारी आम्ही अगोदर ॲनफिल्डला गेलो होतो. लिव्हरपूलचा लाल संघ त्या दिवशी लंडनला क्रिस्टल पॅलेसशी खेळत होता, त्यामुळे स्टेडियमभोवतीची वस्ती शांत होती. विटांच्या बैठ्या घरांच्या रांगा, काही खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आणि त्या रांगांच्या डोक्यावर एकदम आभाळाला टेकलेले ते प्रचंड स्टेडियम. कोट्यवधींचे खेळाडू आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्या यांच्यात फक्त एका रस्त्याची रुंदी. त्याच रस्त्यावर एक बेकरी आहे, 'होमबेक्ड' नावाची. जुनी बेकरी बंद पडली, इमारत पाडायची ठरली, तेव्हा गल्लीतल्याच लोकांनी सहकारी संस्था काढून 2013 मध्ये ती पुन्हा सुरू केली. आपल्याकडच्या सहकाराची परंपरा आठवून मला उगाच घरच्यासारखे वाटले. तिथली गरम पाय खाल्ली. मीठ जरा कमी, पण थंडीत चालून गेले.

या शहराचे एक गमतीचे प्रकरण असे की एव्हर्टन आणि लिव्हरपूल हे हाडवैरी एकाच घरातले. एव्हर्टन हा मूळचा चर्चचा संघ. 1870 मध्ये खुल्या झालेल्या स्टॅन्ली पार्कमध्ये तो सुरुवातीला खेळे. पुढे ॲनफिल्डचे मैदान भाड्याने घेतले. 1892 मध्ये भाड्यावरून जागामालकाशी वाद झाला आणि एव्हर्टनवाले उठून पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेले. मालकाकडे मैदान उरले, संघ नव्हता. म्हणून त्याने नवा संघ काढला, तोच लिव्हरपूल. भाडेकरू आणि घरमालकाच्या भांडणातून एवढे मोठे जागतिक प्रकरण उभे राहिले! दोन्ही मैदानांमध्ये एक बाग, आणि ती रमतगमत ओलांडायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

रविवारी आम्ही तीच बाग ओलांडून गुडिसनला निघालो. वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. भाची वाटेत सांगत होती, इथे एकाच घरात बाप निळा आणि लेक लाल असतो, नवराबायकोचे रंग वेगळे असतात. भांडतात, आठवडाभर बोलत नाहीत, आणि पुन्हा एकाच टेबलाशी बसून जेवतात. मी म्हटले, "हे मला नवीन नाही ग." आपल्याकडेही एकाच सोप्यावर बसून सीमाप्रश्नावर आवाज चढवणारे व्याही मी पाहिले आहेत. चहा मात्र कुणी टाकून जात नाही.

याच बागेने 1989 चा एप्रिलही पाहिला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर 15 एप्रिलला चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलच्या एकूण 97 चाहत्यांचा बळी गेला. शेवटचा जखमी 2021 मध्ये वारला. त्या दुर्घटनेनंतर आठवड्याभराने गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत, ही बाग ओलांडून, लोकांनी मफलरी बांधून एक साखळी केली. लाल मफलर, निळी मफलर, पुन्हा लाल. चालताना मी झाडांकडे बघत होते. मफलरी अर्थातच नाहीत, पण ज्या वाटेने आम्ही चाललो होतो ती तीच होती.

गुडिसनच्या कोपऱ्यावर स्टेडियमला अगदी चिकटून सेंट ल्यूकचे चर्च आहे, देवळाच्या भिंतीला टेकून शाळेची इमारत असावी तसे. त्या रस्त्यावर निळ्या गर्दीत आम्हांला हवी ती गाडी दिसली. जांभळी. लाल आणि निळा मिसळले की होणारा जांभळा. 'फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स' म्हणजे 'फूडबँकांच्या पाठीशी चाहते' अशा नावाची ही चळवळ 2015 मध्ये दोन्ही संघांच्या चाहत्यांनी मिळून सुरू केली. एव्हर्टनचे डेव्ह केली आणि लिव्हरपूलचे इयन बर्न ही त्यांतली पुढची नावे. तिकिटांच्या दरवाढीविरुद्ध हे लोक आधीपासून एकत्र भांडत होते; शेजारची माणसे उपाशी आहेत म्हटल्यावर तीच ओळख कामाला आली. सुरुवात झाली ती चाकाच्या एका कचरापेटीपासून. सामन्याला येताना एखादा डबा घेऊन या आणि पेटीत टाका, एवढेच आवाहन. भूक कुठल्या क्लबचा रंग घालत नाही, अशा अर्थाचे त्यांचे घोषवाक्य आहे.

'फूडबँक' हा शब्द आपल्या कानांना नवा वाटेल. संकटात सापडलेल्या कुटुंबाला काही दिवस पुरेल एवढा शिधा देणारी ती जागा. बहुतेक ठिकाणी डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राची चिठ्ठी आणावी लागते. देशातले त्यांचे सर्वांत मोठे जाळे ट्रसेल संस्थेचे. मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात एकट्या या जाळ्याने 31 लाखांहून जास्त शिध्याच्या पिशव्या वाटल्या. इंग्लंडसारख्या देशात! मी वर्गात 'विकसित राष्ट्र' ही व्याख्या फळ्यावर लिहिते तेव्हा हा आकडा आता गळ्याशी येतो. कारणेही पुस्तकी नाहीत. सरकारी मदतीचा अर्ज केल्यावर पहिली रक्कम हाती पडायला पाच आठवडे लागतात. घरभाडे आणि विजेचे बिल पाच आठवडे थांबत नाही.

गाडीशी उभे राहून मी अर्धा तास नुसती बघत होते. निळी टोपी घातलेले आजोबा आले, कोटाच्या दोन्ही खिशांतून ट्यूना माशाचे दोन डबे काढून ठेवले आणि एक शब्द न बोलता गेले. एक बाई लहान मुलाला उचलून धरते आहे आणि तो पास्त्याचे पाकीट पेटीत टाकतो आहे. टाकल्यावर टाळ्या वाजवतो. ज्यांनी काही आणले नव्हते ते नाण्यांचा खुळखुळाट करून जात. कुणी फोटो काढत नव्हते. त्याच महिनाभरात क्लबचे दहा गुण दंड म्हणून कापले गेले होते. माणसे त्या रागात होती, मोठ्याने शिव्या देत होती आणि शिव्या देता देता डबे टाकत होती. (तो दंड पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये सहावर आला.) माझी पिशवी मी रिकामी केली तेव्हा तिथल्या कार्यकर्तीने डायपरचे पाकीट उचलून भाचीकडे बघितले आणि अंगठा दाखवला. "हे कुणी आणत नाही," भाची म्हणाली. "सगळे बीन्सच आणतात."

मला आमचा 2019 चा ऑगस्ट आठवला. कृष्णा, घटप्रभा, पंचगंगा, सगळ्याच एकदम चढल्या होत्या. कॉलेजच्या मुलांना घेऊन मी पूरग्रस्तांसाठी मदत गोळा केली. चार दिवसांत खोली भरली, आणि उघडून बघतो तो फाटक्या साड्या, एका पायाची चप्पल, बटणे तुटलेले शर्ट. मुली रडवेल्या झाल्या. नको असलेले देणे आणि लागणारे देणे यांत फरक असतो, हे त्या दिवशी आम्ही गोणपाटावर बसून शिकलो. इथे गाडीवर यादीच चिकटवलेली होती. काय संपले आहे, काय भरपूर आहे.

आणखी एक गोष्ट आठवली, ती जास्त जुनी. लिहू की नको असे झाले होते, पण लिहिते. आमचे वडगावातले घर यंत्रमागावर चालायचे. मी सातवीत असताना बाबांचे माग बंद पडले. त्या वर्षी शाळेच्या गरीब विद्यार्थी फंडातून मला पुस्तके मिळाली. शाळेचे नाव लिहीत नाही. प्रार्थनेनंतर सात नावे मोठ्याने वाचली गेली. एकेकीने पायऱ्या चढून जायचे, पुस्तकांचा गठ्ठा घ्यायचा, देणगीदारांना वाकून नमस्कार करायचा आणि फोटोसाठी वळायचे. वर्षभर मी 'फंडवाली' होते. त्या पुस्तकांवरच मी शिकले, हेही खरे. देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. पण कोऱ्या पुस्तकाचा वास आला की अजून मान खाली जाते.

गुडिसनच्या त्या पेटीत डबा टाकणाऱ्याला तो कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार हे ठाऊक नव्हते, आणि घेणाऱ्यालाही देणाऱ्याचे तोंड बघायचे नव्हते. 2018-19 च्या सुमारास उत्तर लिव्हरपूलच्या फूडबँकेत जमणाऱ्या अन्नाचा जवळपास चौथा हिस्सा या सामन्यांच्या पेट्यांतून येत असल्याचे सांगितले जाई. पुढे त्यांनी फिरत्या गाड्यांवर 'पॅन्ट्री' सुरू केली. तिथे चिठ्ठी लागत नाही. थोडी रक्कम भरायची, पिशवी घ्यायची आणि आपल्याला हवे ते निवडून भरायचे. रांग असते, पण ती दुकानासारखी रांग.

सामना सुरू झाला तशी गल्ली रिकामी झाली. आम्ही चर्चच्या आडोशाला उभ्या राहिलो. आतून आवाज येत होता, समुद्राच्या गाजेसारखा, मध्येच चढणारा. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने एकदम असा गडगडाट झाला की भाचीने माझा हात धरला. एव्हर्टनने गोल केला होता. चेल्सी समोर. अगदी शेवटी आणखी एकदा तसाच. दोन-शून्य. दोन गोल मी कानांनी पाहिले, असे म्हणायला हरकत नाही. आज ते मैदानही त्या अर्थाने उरलेले नाही. मे 2025 मध्ये एव्हर्टनच्या पुरुष संघाने तिथला शेवटचा सामना खेळला आणि गोदीकाठच्या नव्या स्टेडियमवर बिऱ्हाड हलवले. गुडिसन आता त्यांच्या महिला संघाचे घर आहे.

सामना चालू असताना गाडीशी एक निवृत्त गोदी कामगार भेटले. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात लाल मफलर. निळ्यांच्या दारात लाल मफलर घालून मदत गोळा करत होते आणि येणारा-जाणारा त्यांची टिंगल करत होता. गोदी म्हटल्यावर मी रॉबी फाउलरचे नाव काढले. 1995 मध्ये लिव्हरपूलच्या गोदीतल्या सुमारे पाचशे कामगारांना काढून टाकले होते. मार्च 1997 मध्ये लिव्हरपूलच्या या खेळाडूने युरोपातल्या एका सामन्यात गोल केल्यावर अंगातला शर्ट वर करून आतला शर्ट दाखवला. त्यावर त्या कामगारांच्या पाठिंब्याचे शब्द होते. त्याला दंड झाला. हे नाव ऐकून म्हातारा असा खुलला की विचारता सोय नाही. त्याला वाटले, भारतातल्या एका मास्तरीणबाईला हे कसे ठाऊक? मी सांगितले नाही की आदल्या रात्रीच जावयांनी मला शिकवले होते.

मग तो म्हणाला ते महत्त्वाचे. त्याला ही गाडी आवडत नाही. म्हणजे, ती लागते हेच त्याला आवडत नाही. आमचे काम म्हणजे हे दुकान एक दिवस बंद करणे, असे तो म्हणाला. म्हणूनच या लोकांनी पुढे 'अन्नाचा हक्क' कायद्यात यावा अशी मागणी लावून धरली. इयन बर्न स्वतः हिल्सबरोच्या त्या दिवशी तिथे होते. 2019 मध्ये ते खासदार झाले आणि संसदेत हा विषय मांडू लागले. जानेवारी 2021 मध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेने या मागणीला पाठिंबा देणारा ठराव केला.

"तुमच्याकडे आहे का असा कायदा?" म्हाताऱ्याने विचारले.

आहे, म्हटले. आणि वर्गात सांगते तसे सांगून मोकळी झाले: राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013, ग्रामीण भागात 75 टक्के व शहरांत 50 टक्के लोकसंख्येपर्यंत, दरमहा माणशी 5 किलो धान्य, जानेवारी 2023 पासून फुकट. दरवर्षी परीक्षेत पाच गुणांना येतो. तो बघतच राहिला. त्याच्या देशात नसलेली गोष्ट आमच्याकडे आहे याचा मला क्षणभर अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू. पण अंगठा जुळत नाही म्हणून रेशन दुकानातून परत फिरलेल्या आमच्या शेजारच्या आजीही लगेच आठवल्या, आणि कायद्यापुढचे वाक्य मी गिळले नाही. त्यांच्याबद्दलही सांगितले. तो हसला नाही. "म्हणजे कायदा झाल्यावरही गाडी लागतेच," एवढेच म्हणाला.

जावयांना घरी हे सांगितले तर ते म्हणाले, "दासोह की हे, मावशी." बसवण्णांच्या परंपरेतला हा शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. दान देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. दासोहात देणारा स्वतःला दास समजतो. म्हातारा ज्याला इंग्रजीत दया नव्हे, एकजूट म्हणत होता त्याला आपल्याकडे आठशे वर्षांपासून नाव आहे. मी मात्र एवढ्या लवकर पटवून घेतले नाही. दासोहात कायद्याची मागणी कुठे आहे? आमचा वाद जेवण होईपर्यंत चालला.

फुटबॉल आणि भुकेल्यांचे ताट यांचे नाते तसे जुनेच. ग्लासगोचा सेल्टिक क्लब 1887 मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने काढला तोच गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला. 2020 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डने आवाज उठवला तेव्हा इंग्लंडच्या सरकारला उन्हाळी सुटीतही सुमारे 13 लाख मुलांच्या जेवणाची सोय करावी लागली. डबा टाकताना कुणी भांडत नाही. डबा का लागतो असे विचारले की भांडण सुरू होते. 2016 मध्ये त्याच सेल्टिकच्या चाहत्यांनी एका इस्रायली संघाविरुद्ध पॅलेस्टाइनचे झेंडे फडकवले, क्लबला दंड होणार म्हटल्यावर दंडाच्या रकमेच्या कैक पट, 1 लाख 70 हजार पौंडांच्या वर निधी पॅलेस्टिनी संस्थांसाठी जमवला. काहींनी वाहवा केली, काहींनी खेळात हे कशाला म्हणून तोंड फिरवले. बर्न यांचेही तेच. तिसऱ्या मुलापासून सरकारी मदत बंद करणारा 2017 चा नियम रद्द करा, म्हणून जुलै 2024 मध्ये त्यांनी आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिले आणि फेब्रुवारी 2025 पर्यंत पक्षाबाहेर बसले. त्याच पक्षाच्या सरकारने नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात तो नियम एप्रिल 2026 पासून रद्द करण्याचे जाहीर केले.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना मी भावाबरोबर पाहिला आहे. पेठांची ती ईर्ष्या, ती गर्दी. परतीच्या वाटेवर स्टॅन्ली पार्कमध्ये मी भाचीला ते सांगत होते. चारच वाजले होते आणि काळोख पडला होता. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मध्येच थांबली.

"मावशी, एक सांगू? आईला सांगायचं नाही."

2022 चा डिसेंबर. जावयांची फी भरून झालेली, घराची अनामत भरलेली, तिची वृद्धाश्रमातली नोकरी कागदपत्रांत अडकलेली आणि विजेचे दर त्या हिवाळ्यात कधी नव्हे एवढे चढलेले. नऊ दिवस हातात काही नव्हते. शेजारच्या बाईने तिला जांभळ्या गाडीचा पत्ता दिला. तीन आठवडे ती पिशवी घेऊन गेली. तांदूळ मिळाले, कांदे मिळाले, एकदा केकही. कुणी काही विचारले नाही. "बाळ आहे का, एवढं विचारलं," ती म्हणाली. "डायपर हवेत का म्हणून."

मी काही बोलले नाही. सातवीतली ती सात नावे मी तिला कधी सांगितली नव्हती. ती त्या अंधारात सांगितली. आता दोघींचे गुपित समसमान झाले. हा मजकूर छापण्याआधी तिला वाचून दाखवला. "छाप की," म्हणाली. "आईला मी आधी सांगते."

त्या रात्री ताईचा बेळगावातून व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती, पण लेकीचे तोंड बघितल्याशिवाय तिला झोप येत नाही. पडद्यावर तिचा चष्मा तेवढा दिसत होता.

"जेवलात का ग?"

"हो आई, कधीच," भाची म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिने भाताचे पातेले परत गॅसवर ठेवले.